करंगळीशेजारचं बोट

“ताई, ते बोट तेवढं खाली घ्याल का?”

कुणाच्या खांद्यावर चिकटलेला दोरा उचलून टाकावा, इतक्या सहज कॅमेरामननं हे विचारलं. उत्तराक्कांचे हात पेटीवर होते. डावा भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मात्र पट्ट्यांपासून चांगलं दोन बोटं वर, ताठ उभं होतं.

“कुठलं बोट?” त्यांनी विचारलं. कुठलं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हा प्रश्न आयुष्यात एकदा येऊन गेला होता आणि पुन्हा येणार म्हणून त्या चव्वेचाळीस वर्षं तयारीत बसल्या होत्या.

“हे चौथं. क्लोजअपमध्ये फार डोळ्यावर येतंय.”

“येऊ दे,” उत्तराक्का म्हणाल्या.

धारवाडच्या मालमड्डीत, सुट्टीमुळं बंद असलेल्या एका शाळेच्या सभागृहात हे शूटिंग चाललं होतं. पुण्याची मंडळी होती. चित्रपट एका पेटीवाल्या बाईचा. ही बाई जन्मभर एका नामांकित गवयाच्या डाव्या हाताला बसून साथ करते, आणि शेवटी एका मैफलीत गवई गाता गाता अडतो तेव्हा पहिल्यांदा एकटीच पुढं वाजवत राहते. दीड मिनिटाचा तो पेटीचा तुकडा म्हणजे सगळ्या चित्रपटाचा कळस. बाईचं काम करणारी वेदश्री नावाजलेली नटी, पण पेटीशी तिचा संबंध नव्हता. म्हणून चेहरा तिचा आणि जवळून दिसणारे हात उत्तराक्कांचे, असं ठरलं होतं. गाणं महिन्यापूर्वीच मुंबईत मुद्रित झालं होतं. इथं ते कर्ण्यावर लावायचं आणि त्याच्यावर हात चालवायचे.

उत्तराक्का एकसष्ट वर्षांच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. घरी पेटी शिकवायच्या, आणि चिगरी बसनं हुबळीला जाऊन विद्यानगरच्या कॉलेजांतल्या स्पर्धांना साथ करायच्या. साथीदाराला लोक बघत नाहीत, ऐकतही नाहीत फारसं. तो चुकला तरच ऐकतात. त्यामुळं आपले हात कुणी पडद्यावर दाखवायला मागेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्याच दिवशी मेकअपवाल्या बाईनं दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या, तेव्हा त्यांनी डाव्या हातातल्या निमूट उतरवून ठेवल्या होत्या. “भात्याच्या हातात बांगड्या घालून वाजवते ती पेटी नव्हे, टाळ,” एवढंच म्हणाल्या होत्या. त्यावर सगळे हसले होते आणि ऐकलंही होतं.

आज कुणी हसलं नाही. दिग्दर्शक अभिषेक खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. चाळिशीतला, चांगल्या घरचा, नम्र माणूस.

“उत्तराताई, नुसतं दिसण्याचा प्रश्न नाही. मॉनिटरवर बघा. सूर आधी येतो आणि तुमचं बोट मागून पोचतं. प्रत्येक तानेत. मला वाटतं, ते बोट वापरलंत तर हात आपोआप गाण्याबरोबर येईल.”

त्यांनी मॉनिटरवर पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं. मधल्या बोटावरून थेट करंगळीवर जाताना हाताला एक इवलीशी उडी मारावी लागे. त्या उडीपुरता सूर थांबे, डोळ्याची पापणी लवावी इतकाच. मुंबईच्या तुकड्यात ते थांबणं नव्हतं. ते सूर तेल लावल्यासारखे एकामागून एक घरंगळत होते.

“ही पेटी कुणी वाजवलीय?” त्यांनी विचारलं.

“दत्तात्रेयांनी. आमचे संगीतकार. कीबोर्डवर.”

“तरीच. हिला भाताच नाही. श्वास न घेता बोलणाऱ्या माणसासारखं वाटतं.”

“ते आता झालं, ताई. आता फक्त बोट.”

“अभिषेक, तुम्ही चांगले आहात. पण ते बोट खाली जाणार नाही.”

एवढं बोलून त्यांनी भात्याची कडी लावली, पेटीवर अभ्रा घातला आणि शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बाकावर बसल्या.

व्हरांड्यात शेषगिरी वकील आधीच बसलेले होते. वय चौऱ्याहत्तर, शेजारी थर्मास, मांडीवर छत्री. उत्तराक्कांचे वडील बाळाचार्य यांच्याकडं पेटी शिकलेल्यांपैकी हयात असलेला हा सगळ्यांत जुना शिष्य. शूटिंग सुरू झाल्यापासून कोर्टाच्या तारखा असाव्यात तसे रोज नेमानं हजर राहत होते. त्यांचंही ते बोट तसंच वर. चहाचा पेला धरतानासुद्धा.

“काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“बोट खाली घ्या म्हणतात.”

“नोटीस द्यायची का?”

“शेषगिरीअण्णा, थट्टा नको.”

“थट्टा कुठं, अक्का? मी लेख लिहिलाय त्या बोटावर. अनामिकामुद्रा म्हणून. दिवाळी अंकात छापून आलाय. पुराव्याला देतो.”

उत्तराक्कांना हसू आलं नाही. त्या लेखाची त्यांना दर वेळी लाज वाटायची. शेषगिरींनी त्यात शास्त्राचे, नाडीचे, प्राणाचे दाखले दिले होते. आणि खरं काय ते उत्तराक्कांना आईकडून कळलेलं होतं. बाळाचार्य एकविसाव्या वर्षी अळणावरला लाकडाच्या वखारीत कारकून होते. रेल्वेच्या वाघिणीत चढवताना सागाचा एक ओंडका निसटला, आणि त्याखाली त्यांचं हे बोट सापडलं. हाड जुळलं ते ताठच जुळलं. वाकेना. पेटीवर ते आडवं येऊ लागलं तसं त्यांनी ते वर धरायची सवय लावून घेतली आणि उरलेल्या बोटांनी नव्यानं वाजवायला शिकले. मग धारवाडला येऊन शिकवणी सुरू केली. शिकवायची रीत एकच. “पुस्तक नको. हाताकडं बघा आणि करा.” पोरांनी हाताकडं बघितलं आणि केलं. त्यांच्या दारातून बाहेर पडलेला प्रत्येक शिष्य धडधाकट बोट हवेत धरून वाजवू लागला. सात वर्षांची उत्तराही. अप्पांनी, म्हणजे बाळाचार्यांनी, कुणाला टोकलं नाही. का, ते त्यांनाच माहीत. कदाचित सांगायला संकोच वाटला असेल. कदाचित चाळीस पोरांची बोटं आपल्यासारखी वर उठलेली बघून त्यांना बरंही वाटत असेल. कोण जाणे.

उत्तराक्कांना आठवत होती ती मात्र दुसरीच गोष्ट. त्या सतरा वर्षांच्या होत्या. परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी पहिला राग मध्येच थांबवून विचारलं, “हे बोट का वर? पेटी वाजवताय की चहा पिताय?” खोलीतले सगळे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “हात बिघडवलाय तुमचा. कोण गुरू?” गुरू दाराशी, चपलांच्या शेजारी उभे होते. उत्तरानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं ते बोट खाली घेतलं. दुसरा राग तिनं चारही बोटांनी वाजवला, अडखळत, रडकुंडीला येऊन, आणि दुसऱ्या वर्गात पास झाली.

घरी जाताना अप्पा सायकल हातात धरून चालत राहिले. मालमड्डीचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत दोघं उभे राहिले. शेवटचा डबा गेल्यावर ते म्हणाले, “वाजवलंस बरं.” बस्स. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले, पण चार माणसांत पेटीला हात लावला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, हात दुखतो.

दुखणाऱ्या हाताचं कारण परीक्षक नव्हता. ते आपण होतो, हे उत्तराक्का कुणाला कधी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते बोट पुन्हा वर धरलं होतं आणि आजतागायत खाली आणलं नव्हतं. पण ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी पुन्हा त्यांच्या हाताकडं पाहिलं नाही.

आतून अभिषेकचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, हुबळीत कीबोर्ड वाजवणारी एखादी बाई मिळेल का, हात सावळे हवेत, वय पन्नासच्या पुढं.

“साक्षीदार बदलतायत,” शेषगिरी म्हणाले.

“बदलू देत.”

“मग तुम्ही उठून घरी का जात नाही?”

उत्तराक्कांनी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. प्रश्न वकिलाचा होता, म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं. त्या उठल्या, पण घराकडं नाही. पेटी आत होती.

आत मॉनिटरभोवती सगळे गोळा झाले होते. मेधा नावाची चष्मेवाली मुलगी, कुठल्या दृश्यात कुणाचा पदर कसा होता आणि घड्याळात किती वाजले होते याची वही ठेवणारी, ती मोबाइलवरचे फोटो एकेक करून पुढं सरकवत होती.

“सर, हा परवाचा. हा कालचा सकाळचा. हा कालचा मैफलीचा, तीनशे लोक बसवले होते तो.”

प्रत्येक फोटोत वेदश्री पेटीवर बसली होती. आणि प्रत्येक फोटोत तिचं करंगळीशेजारचं बोट ताठ उभं होतं.

“हे कुणी सांगितलं तुला?” अभिषेकनं विचारलं.

वेदश्री जरीच्या साडीत, केसांना पांढरा रंग लावून उभी होती. तिनं आपला हात डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटसुलट करून बघितला.

“कुणी नाही. दहा दिवस यांच्या घरी जात होते ना. मी विचारलं, कसं शिकायचं, तर म्हणाल्या, हाताकडं बघा आणि करा. मी बघितलं आणि केलं.”

शेषगिरी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी छत्री टेकवली. “नोड्री,” ते म्हणाले, “बघा, आणखी एक शिष्या. मास्तर जाऊनही शिकवणी बंद नाही.”

उत्तराक्का वेदश्रीच्या हाताकडं बघत राहिल्या. दहा दिवस त्या तिला भाता, बसणं, मान, खांदा सगळं दाखवत होत्या. बोटाकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. लक्ष जाण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. हात असाच असतो.

अभिषेकनं डोकं धरलं. आता जवळून दिसणारं बोट खाली घेतलं तर लांबून दिसणारं वर राहणार होतं. मैफल पुन्हा भरवायची म्हणजे तीनशे माणसं पुन्हा आणायची. थोडा वेळ त्यानं विचार केला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“सापडलं. आपण गोष्टीतच घेऊ. हिच्या बोटाला लहानपणी इजा झालीय. एक छोटं दृश्य टाकू. दार, उंबरठा, काहीतरी. बोट चिरडलं जातं, मुलगी रडते. लोकांना कळवळा येईल. उलट चांगलंच होईल.”

“नाही,” उत्तराक्का म्हणाल्या.

“का पण? कारण हवंच ना प्रेक्षकाला.”

“कारण आहे. सांगते.”

त्यांचा आवाज कधीच मोठा नसायचा. साथीदाराचा नसतोच. आताही नव्हता, पण दिवेवाल्यांनी हातातलं काम थांबवलं.

“माझ्या वडिलांचं बोट अळणावरच्या वखारीत ओंडक्याखाली मोडलं. ती मुद्रा नव्हे, शास्त्र नव्हे. मोडलेलं बोट. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही सगळ्यांनी ते बघून आमची चांगली बोटं उचलून धरली. शेषगिरीअण्णा, तुमच्या लेखाबद्दल मला माफ करा. मी आधीच सांगायला हवं होतं.”

शेषगिरींनी थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मला माहीत होतं की,” ते म्हणाले.

“काय?”

“आमचे वडील अळणावरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बोटाला कामट्या बांधल्या त्यांनीच. वाकड्या बांधल्या असतील, म्हणून तर ताठ राहिलं.”

“मग तो लेख?”

“वकिलाला खरं माहीत असावं लागतं, अक्का. बोलावंच लागतं असं नाही.” मग जरा थांबून, थट्टा बाजूला ठेवून म्हणाले, “गुरू लंगडतो म्हणून शिष्यानं लंगडू नये, हे मलाही कळत होतं. एकदा घरी दार लावून चारही बोटांनी वाजवून पाहिलं. सरळ आलं सगळं. पण त्यात मास्तर नव्हते. मग पुन्हा वर धरलं.”

उत्तराक्कांनी थर्मासवरच्या त्यांच्या ताठ बोटाकडं पाहिलं. मग त्या अभिषेककडं वळल्या.

“ऐकलंत? आता कळवळ्याचं दृश्य घालू नका. त्यांनी कुणाचा कळवळा मागितला नाही. ते बोट मोडलं आणि त्यातून वाजवण्याची एक रीत निघाली. ती उडी आहे ना, सूर थांबतो ती, ती आमच्या घरची. ती उशीर नव्हे. तुमचा तुकडा घाईत आहे.”

“म्हणजे काय करायचं म्हणता?”

“बोट माझं घेताय, तर सूरही त्याच बोटाचा घ्या. मी वाजवते, तुम्ही इथंच मुद्रित करा. हात आणि आवाज एका वेळी.”

“ताई, असं होत नाही. इथं बाहेर रेल्वे आहे, पंखे आहेत. संगीतकाराला विचारल्याशिवाय मी त्याचा तुकडा बदलू शकत नाही.”

“विचारा मग. तोवर मी पेटीचा अभ्रा काढत नाही.”

“आणि तो नाही म्हणाला तर?”

“तर हुबळीहून बाई आणा. तिचं बोट खाली असेल. मैफल पुन्हा भरवा.”

वेदश्री इतका वेळ उभी होती. आता ती पेटीच्या दुसऱ्या बाजूला येऊन मांडी घालून बसली. “मी पण खाली घेणार नाही,” ती म्हणाली. “मला आता तसं जमतच नाही.” तिनं बोट खाली टेकवून दाखवायचा प्रयत्न केला आणि करंगळी वर उठली. दिवेवाल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. अभिषेकही हसला, जरा हरल्यासारखा.

“पंखे बंद करा,” तो म्हणाला. “रेल्वेचं वेळापत्रक बघा कुणीतरी. वाजवू द्या एकदा. मग त्याला ऐकवतो.”

साऊंडवाल्यांनी पेटीच्या भात्यामागं एक आणि पट्ट्यांसमोर एक असे दोन माइक लावले. उत्तराक्कांनी डाव्या हाताकडं एकदा बघून घेतलं. बांगड्या नव्हत्या. कर्णा बंद होता. कानाशी दुसऱ्या कुणाचं गाणं नाही, डाव्या-उजव्याला कुणी गवई नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हात थंड पडले. त्या परीक्षेच्या खोलीत होते तसेच.

त्यांनी भाता ओढला.

पहिली तान आली आणि करंगळीवर जाताना हात उडाला. सूर पापणीभर थांबला. त्या थांबण्यात भात्याचा बारीक सुस्कारा ऐकू आला. मग करंगळी पडली, आणि पुढचा सूर वाट बघून आल्यासारखा आला. दुसऱ्या तानेला त्यांना हात थंड असल्याचं आठवलं नाही. तिसऱ्या तानेला त्या दाराकडं बघून वाजवत होत्या. दाराशी चपला काढलेल्या होत्या, दहा-वीस जणांच्या. कॅमेरा हातावर होता म्हणून त्यांच्या डोळ्यांचं काय झालं ते कुणाला टिपता आलं नाही. दीड मिनिटाचा तुकडा दोन मिनिटांच्या वर गेला, आणि अभिषेक कट म्हणायचं विसरला.

दत्तात्रेयांना मुंबईत ते लगेच पाठवण्यात आलं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. अभिषेकनं तो मोठ्यानं ऐकू येईल असा लावला.

“बाई चांगलं वाजवतात हो,” दत्तात्रेय म्हणाले. “पेटीचा रंग छान आलाय. घेऊ आपण हेच. फक्त तानांच्या मध्ये मध्ये ते काय अडकतंय? मशीनवर ते मी भरून काढतो. पाच मिनिटांचं काम आहे, कळणारही नाही कुणाला.”

अभिषेकनं उत्तराक्कांकडं पाहिलं. त्यांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. फोन धरतानाही ते बोट वरच होतं.

“नमस्कार. मी उत्तरा. बाळाचार्यांची मुलगी आणि शिष्या.” चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, कोण गुरू. “ते अडकत नाही. ते तसंच आहे. भरून काढू नका.”

“अहो, पण ऐकणाऱ्याला चूक वाटेल.”

“वाटू दे. तुम्ही ती जागा भरलीत तर आवाज पुढं जाईल आणि माझा हात हवेत राहील. पडद्यावर तो हात वीस फुटांचा दिसणार आहे. सगळ्या थिएटरला दिसेल, कोण खोटं वाजवतंय ते.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दत्तात्रेयांनी विचारलं, “पुन्हा एकदा लावून ऐकू का?”

“ऐका की,” उत्तराक्का म्हणाल्या. “घाई नाही.”

त्यांनी फोन अभिषेकच्या हातात दिला, पेटीजवळ बसल्या आणि भात्याची कडी काढून ठेवली. दुसऱ्या टेकची तयारी.